घोडा कुणी दिला

लार्केन, मोंटाना
४ मार्च १९५७

प्रिय वॉल्टर यास,

अनेक आशीर्वाद. पन्नाशी गाठलीस तरी थोरल्या बहिणीकडून तुला हेच मिळणार, तेव्हा कुरकुर करू नकोस.

आईच्या छातीत पुन्हा कळ आली नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. इथं अजून गुडघाभर बर्फ आहे. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं, पण मला घरी बसू द्यायचं नाही असं गावानं ठरवलेलं दिसतं. खोऱ्यात पहिली गुरं आली त्याला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात, म्हणून जुन्या लोकांच्या आठवणींचं पुस्तक निघतंय आणि त्या गोळा करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कोर्टाच्या तळघरात एक खोली मिळालीय. तिथं मी, एक टेपरेकॉर्डर, आणि लोकांनी आणून टाकलेला पसारा: गुरांना डाग द्यायच्या लोखंडी मुद्रा, फाटकी खोगिरं, उंदरांनी कुरतडलेली पत्रं. म्हाताऱ्या ट्वेटनं मोठ्या हिवाळ्याची गोष्ट तीनदा सांगितली. पहिल्यांदा बर्फ खिडकीपर्यंत होतं, तिसऱ्यांदा ते धुराड्याच्या वर गेलं. मी तिन्ही वेळा यंत्र चालू ठेवलं.

बाबांची गोष्ट पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. अठराशे सत्याऐंशी सालच्या त्या हिवाळ्यात मॅक्रे आजोबांच्या घरात घटसर्प शिरला, बाबांनी वादळातून चाळीस मैलांवरच्या लष्करी छावणीतून डॉक्टर आणला आणि इवनमामा वाचला, हे तुला मी काय सांगू. नदीच्या उतारावर त्यांच्या नावाची शिळाही बसवणार आहेत, चार जुलैला. समितीचा अध्यक्ष हार्लन स्ट्राउड म्हणतो की भाषण तूच करायचंस.

आता एक वेगळी गोष्ट. परवा डोनीबाई आल्या, रुळांपलीकडे राहतात त्या. फिलोमेन डोनी, माहेरच्या लारोक. वय ऐंशी. कोट न काढता खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, पहिल्या लोकांची नावं लिहिताय ना, मग आमची लिहा. आमचे गाडे एकोणऐंशी साली आले, तुमची गुरं ब्याऐंशी साली. वॉल्टर, माझ्या यादीत साठ घराणी आहेत आणि अर्ध्या फ्रेंच, अर्ध्या क्री आदिवासी रक्ताचं त्यात एकही नाही. मला मान वर करता येईना.

त्यांचा भाऊ बाप्तीस्त मॅक्रे आजोबांकडे घोडे शिकवायला होता. त्याच हिवाळ्यात घोडेचोर म्हणून त्याला फाशी दिलं, झाडाला. बाई म्हणाल्या, पुस्तकात एकच ओळ टाका. तो चोर नव्हता, घोडा त्याला दिलेला होता. कुणी दिला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते कळलं असतं तर सत्तर वर्षं मी रुळांपलीकडे गप्प बसले असते का.

आई तेव्हा सोळा वर्षांची होती, त्याच घरात. तिला हा बाप्तीस्त आठवतो का, एवढं सहज विचारून कळव.

मुलांना पापे. आईच्या उशाशी माझं पत्र वाचून दाखव, आणि लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
हेस्टर


स्पोकेन
१२ मार्च १९५७

प्रिय हेस्टर हिस,

सप्रेम नमस्कार. आशीर्वाद पोचले, कुरकुर नाही.

ट्वेटची गोष्ट वाचून घरात सगळे हसले. पुढच्या वेळी बर्फ ढगांपर्यंत जाईल, तेवढी फीत शिल्लक ठेव.

तू सांगितलंस म्हणून जेवताना आईला विचारलं. बाप्तीस्त लारोक आठवतो का म्हटलं. तिनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, लारोक पुष्कळ होते. मग म्हणाली, खिडकी लाव, वारा येतोय. खिडकी लावलेलीच होती, हेस्टर. त्यानंतर ती खोलीत गेली आणि जेवायला पुन्हा आली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलवावं लागलं. त्यांचं म्हणणं, या वयात मनाला धक्का म्हणजे छातीलाच धक्का.

तेव्हा हा विषय इथंच सोड. त्या बाईंचं मला वाईट वाटतं. पण त्या हिवाळ्यात या खोऱ्यात काय काय झालं ते कुणीच पूर्ण सांगणार नाही, आणि सांगितलं तरी आज त्याचं काय करायचं? तू आठवणी गोळा कर, भांडणं गोळा करू नकोस. मास्तरीणबाईंना सांगतोय म्हणून माफी असावी.

भाषणाची तयारी सुरू केलीय. तुझ्या गुडघ्यांना जप. माया आहेच, ती कळवायला शब्द लागत नाहीत.

तुझा भाऊ,
वॉल्टर


लार्केन
२५ मार्च १९५७

प्रिय वॉल्टर यास,

आशीर्वाद. हे पत्र आईसमोर उघडू नकोस. आधी एकटा वाच.

आपल्या जुन्या रँचवर आता पीडरसन आहेत ते तुला ठाऊक आहे. खोगिरांची खोली पाडताना त्यांना भिंतीच्या फळ्यांमागे एक पत्र्याचा डबा सापडला. पुस्तकासाठी असेल म्हणून त्यांनी तो माझ्याकडे आणून दिला. आत बाबांची एक वही आहे. एकोणतीस सालची, म्हणजे ते जाण्याआधी दोन वर्षांची. बाकी पानांवर गवत, पाऊस, वासरं. मधली चार पानं वेगळी आहेत. त्यातला काही भाग इथं उतरवते.

ते लिहितात: “डॉक्टर मी आणला नाही. लारोकनं छावणीत जाऊन त्याला निघायला लावलं. घोडा दमला म्हणून तो मागं राहिला. मला डॉक्टर नदीच्या उतारावर भेटला, मी त्याची घसरगाडी पातळ बर्फ चुकवून पलीकडे नेली. माझं काम तेवढंच. पुढचं लोकांनी जोडलं. पहिल्या वर्षी मी दुरुस्त करायला हवं होतं. नंतर ते दुरुस्त करायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागलं असतं.”

बाकीचं पुढच्या पानावर आहे. “घोडेचोर धरायला निघालेल्या कॅप्टन स्ट्राउडच्या माणसांत मी होतो. घोडे धरायचं काम माझ्याकडे होतं. लारोक कॅप्टनचा घोडा घेऊन मॅक्रेच्या घराकडेच येत होता. कॅप्टननं तीनदा विचारलं, घोडा कुणी दिला. तो म्हणाला, त्या घरातल्या माणसानं दिला, नाव सांगणार नाही. मॅक्रेकडे माणूस धाडला. मॅक्रे म्हणाला, मी कुणाला दिला नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा लारोकनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरला मी पाहिलं होतं, तो कुणामुळे आला ते मला माहीत होतं, म्हणून मी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी लगाम धरून उभा राहिलो.”

वॉल्टर, मी हे तीनदा वाचलं आणि नंतर बाहेर जाऊन कुंपणापाशी उभी राहिले. बाबांच्या हातांचं मला फार कौतुक होतं, तुला आठवतं.

त्या वर्षी सगळ्यांचे घोडे उपासमारीनं उभेही राहत नव्हते. खाऊनपिऊन धडधाकट असा एकच घोडा होता, हार्लनच्या वडिलांनी, कॅप्टन स्ट्राउडनं, आजोबांच्या तबेल्यात ठेवलेला. हे मला इतर तिघांनी आपणहून सांगितलंय, यंत्रावर आहे.

हार्लन स्ट्राउड या आठवड्यात दोनदा तळघरात येऊन गेला. पीडरसनकडून काय आलं, असं विचारत होता. मी म्हटलं, खोगिराचे पट्टे. शाळेत चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि हे इतकं सहज तोंडातून गेलं. म्हणून वही इथं ठेवायची मला भीती वाटते. ती रजिस्टर पोस्टानं तुझ्याकडे पाठवते आहे. तूही बाबांचा मुलगा आहेस, तुझ्या संमतीशिवाय मी ती छापखान्यात नेणार नाही. नीट वाच आणि परत पाठव. पानं जुळवायची शेवटची तारीख दहा मे आहे.

प्रकृतीला जप, आणि माझ्यावर रागावलास तरी लोभ मोडू नकोस.

हेस्टर


स्पोकेन
३ एप्रिल १९५७

प्रिय हेस्टर,

नमस्कार. वही पोचली. अक्षर बाबांचंच आहे, त्यात शंका नाही.

ती मी परत पाठवणार नाही.

रागावू नकोस, आधी ऐक. बाबा हयात नाहीत. त्यांनी हे भिंतीमागे ठेवलं, टपालात टाकलं नाही. ते कुणी वाचावं असं त्यांना वाटत होतं, हे तू कशावरून ठरवलंस? वकिली करताना मी हेच शिकलोय की मेलेल्या माणसाची कबुली वाचायला सोपी असते, कारण तो मध्येच थांबवून काही सांगू शकत नाही. सहावीत असताना मी शाळेच्या व्यासपीठावर बाबांची गोष्ट म्हटली होती. ते शेवटच्या बाकावर बसले होते आणि मध्येच उठून गेले. मला वाटलं होतं, डोळे पुसायला गेले. आता ते का गेले हे मला या वहीनं सांगितलं. मला ते नको होतं.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही असं मी मानत नाही. आजोबांनी घोडा दिला नसेल आणि घरातल्याच माणसानं दिला असेल, तर त्या घरात चालतंफिरतं असं आणखी कोण होतं? आजी अंथरुणावर होती. इवनमामा पाच वर्षांचा. तू हे छापलंस की गाव तो प्रश्न विचारणारच. मी विचारणार नाही. तूही विचारू नकोस.

वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. खणाला किल्ली आहे. हा विषय माझ्याकडून संपला.

तुझ्यावरच्या मायेत काही कमी झालेलं नाही, एवढं मात्र खरं धर.

वॉल्टर


लार्केन
१५ एप्रिल १९५७

वॉल्टर,

आशीर्वाद लिहायचा राहिला असं समज.

तो प्रश्न मला वही वाचतानाच पडला होता. म्हणूनच ती आधी तुझ्याकडे पाठवली. मला वाटलं, दोघं मिळून ठरवू. तू एकट्यानं ठरवलंस आणि किल्ली फिरवलीस.

इथलं ऐक. स्ट्राउडला सुगावा लागलाय. पीडरसनच्या बायकोनं दुकानात वहीचा विषय काढला, तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तो तळघरात आला, टोपी हातात, आवाज गोड. म्हणाला, हेस्टर, तू दमली असशील, एक मेपासून खोलीची किल्ली समितीकडे दे. पुस्तक गावाच्या आनंदासाठी आहे, माझ्या वडिलांना आणि तुझ्या वडिलांना त्यात एकाच पानावर बसू दे. मी म्हटलं, ते एकाच पानावर आहेतच. खोलीत तीनशे लोकांचे कागद आहेत, वॉल्टर. त्याला नको असलेलं एक पान शोधताना तो किती पानं फेकेल ते मला माहीत नाही.

डोनीबाईंना न्यूमोनिया झाला आहे. काल त्यांच्या घरी गेले होते. सून चुलीशी रस्सा ढवळत होती, बाई खाटेवर उशांना टेकून. मी त्यांना खरं ते सांगून टाकलं. बाप्तीस्त चोर नव्हता हे लिहून ठेवलेलं आहे, एका माणसाच्या अक्षरात, पण वही माझ्याजवळ नाही. त्या हसल्या. हसताना खोकल्याची उबळ आली. मग म्हणाल्या, आमच्या बाबतीत कागद नेहमी दुसऱ्याच गावी असतो.

मग त्यांनी मला ते सांगितलं जे यंत्रासमोर सांगितलं नव्हतं. झाडावरून त्याला त्यांच्या आईनं उतरवलं. त्या दहा वर्षांच्या, त्यांनी पाय धरले होते. गाड्यावर घालून घरी नेलं. म्हणाल्या, चोर घोडा परत आणत असतो का, तुम्हीच सांगा मास्तरीणबाई. छावणीत दोन दिवस त्याला दाणापाणी करून, हळूहळू चालवत आणत होता. घोड्याचे पाय कापडानं बांधलेले होते, बर्फाच्या कवचानं कापू नयेत म्हणून. स्वतःच्या शर्टाचं कापड होतं.

आता सांग, आईच्या छातीसाठी या बाईंनी आणखी किती थांबावं? आईवर तुझी माया आहे तेवढीच माझी आहे. पण ती तडा गेलेलं भांडं आहे आणि आपण दोघांनी तिला फडताळात ठेवायचं, असं कुणी सांगितलंय तुला?

वही पाठव.

हेस्टर


स्पोकेन
२२ एप्रिल १९५७

प्रिय हेस्टर,

नमस्कार. घाईत लिहितोय.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. खरं सांगतो, ते वाचून मी वही खणातून काढली आणि स्वयंपाकघरात शेगडीपाशी जाऊन उभा राहिलो. झाकणही उचललं होतं. टाकली नाही. का नाही टाकली ते सांगता येणार नाही. पुन्हा खणात ठेवली, पण किल्ली लावायची राहून गेली.

शनिवारी सकाळी खण रिकामा होता. वही आईकडे आहे. तिनं मला शेगडीपाशी पाहिलं असावं. दोन दिवस ती खोलीचं दार लावून भिंग घेऊन वाचते आहे. मी दारावर थाप मारली तर म्हणाली, वॉल्टर, मी वाचता वाचता मरणार नाही, जा. डॉक्टरांना बोलावलं तर त्यांनाही तिनं आत घेतलं नाही. आज सकाळी तिनं कागद मागितले. शाई मागितली. पेन्सिल देऊ का विचारलं तर म्हणाली, पेन्सिल खोडता येते.

मला भीती वाटते, हेस्टर. तुझा मला राग आहे आणि तू इथं असतीस तर बरं झालं असतं असंही वाटतंय.

वॉल्टर


स्पोकेन
२४ एप्रिल १९५७

चिरंजीव हेस्टर हिस आईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर लागेल तसं लावून घे. हे पत्र तुझ्यासाठी आहे आणि तुझ्या पुस्तकासाठीही आहे. यातलं काही गाळू नकोस आणि माझ्या बाजूनं गोड काही घालू नकोस.

घोडा मी दिला.

इवनचा गळा आत इतका सुजला होता की त्याला श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा. तो आवाज सगळ्या घरात ऐकू येत होता. मी वडिलांना म्हटलं, कॅप्टनच्या घोड्यावरून कुणाला तरी छावणीत पाठवा. ते म्हणाले, त्या घोड्याला हात लावायचा नाही, वादळ उतरू दे. ते इवनजवळ जाऊन बसले. मी तबेल्यात गेले. बाप्तीस्त तिथं होता. मी खोगीर चढवलं आणि लगाम त्याच्या हातात दिला. म्हटलं, वडिलांनी सांगितलंय. त्यानं विचारलं, खरंच सांगितलंय का. मी हो म्हटलं. त्यानं पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. मग तो गेला.

डॉक्टर आला, इवन वाचला. घोडा गेल्याचं वडिलांना दुसऱ्या दिवशी कळलं. मी बोलले नाही. वाटलं, बाप्तीस्त घोडा घेऊन आला की आपोआप मिटेल.

मग ते विचारायला आले. मी कोठारात होते, पिठाच्या पिंपामागे, दार उघडं होतं. त्या माणसानं विचारलं, तुम्ही घोडा दिला का. वडील म्हणाले, नाही. ते खोटं बोलले नाहीत. मी पुढं व्हायला हवं होतं. मी झाले नाही. मी असा विचार केला की बाप्तीस्त माझं नाव सांगेल, मग मला बोलावतील, आणि बोलावलं की मी सांगेन. मी वाट पाहत बसले. हातावर पीठ होतं ते वाळलं. मला कुणी बोलावलं नाही.

दोन दिवसांनी मी वडिलांना सांगितलं. त्यांनी मला मारलं नाही. म्हणाले, त्याला कुणी काही विचारलंच नाही, पाहिल्यासरशी टांगला. तुझ्या बोलण्यानं काही बदललं नसतं. मी ते धरून बसले. सत्तर वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं की त्याला विचारलंच नव्हतं.

शनिवारी तुझ्या बाबांच्या वहीत वाचलं. तीनदा विचारलं होतं. आणि त्यानं नाव सांगितलं नाही.

का सांगितलं नाही ते मला माहीत नाही. तू त्यामागं कारण लावू नकोस. लोकांना कारण आवडतं आणि मग माणूस बाजूला राहतो. तो मला फारसा ओळखतही नव्हता.

अँगसशी माझं लग्न चार वर्षांनी झालं. चाळीस वर्षं एका छताखाली काढली. तो लगाम धरून उभा होता हे मला माहीत नव्हतं, आणि बाप्तीस्तच्या हातात लगाम दिला कुणी हे त्याला माहीत नव्हतं. लोक त्याच्या त्या रपेटीची गोष्ट काढायचे तेव्हा आम्ही दोघंही उठून काहीतरी कामाला लागायचो. मला वाटायचं तो लाजतो. त्याला माझ्याबद्दल काय वाटायचं, देव जाणे.

वॉल्टरवर रागावू नकोस. तो मला वाचवायला निघाला होता. माझ्या वडिलांनीही तेच केलं होतं.

वही मी स्वतः घेऊन येते. सोमवारच्या गाडीनं. वॉल्टर नको म्हणतोय, पण तिकीट काढायला गेलाय. ती शिळा घडवणाऱ्याला थांबायला सांग. आणि त्या बाप्तीस्तच्या बहिणीला विचार की मी तिच्या दारात आले तर ती दार उघडेल का. नाही म्हणाली तर तसं लिही, मी तरीही येईन आणि समितीसमोर वाचेन.

देव तुला शहाणपण देवो, आणि मला दहा मेपर्यंत श्वास.

तुझी आई,
इझोबेल मॅक्रे लेडलॉ


लार्केन
२ जून १९५७

प्रिय वॉल्टर यास,

अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

तू समितीच्या बैठकीनंतर लगेच परतलास, म्हणून पुढचं सगळं लिहिते. आई बरी आहे. सकाळी दोन अंडी खाते आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते.

बैठकीत तू आईच्या खुर्चीमागे उभा होतास, तेव्हा स्ट्राउडचा चेहरा तुला दिसला नसेल. आई वाचत होती तोवर तो हातातली टोपी फिरवत होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला की हे सगळं दुःखाचं आहे, पण पुस्तक पहिल्या लोकांच्या सन्मानासाठी आहे. तेव्हा आई म्हणाली, हार्लन, पहिले लोक एकोणऐंशी साली आले, तुझी मास्तरीणबाई तुला सांगेल. मतं चार विरुद्ध तीन पडली ते तुला माहीतच आहे. आपण हरलो. पुस्तक त्यांच्या मनासारखं निघेल. आईनं बाबांचं पान काढून घ्यायला लावलं, तेवढं समितीला मोडता आलं नाही. शिळाही रद्द झाली.

किल्ली मी दुसऱ्या दिवशी दिली. पण तू गेल्यावर एक गंमत झाली. ट्वेट आला आणि म्हणाला, माझ्या तिन्ही हिवाळ्यांच्या फिती मला परत हव्यात, मी त्या हेस्टरच्या घरी ठेवणार. त्याच्यामागून पीडरसन आले. आठवड्याभरात एकवीस घराण्यांनी आपापले कागद मागून घेतले आणि माझ्या दारात आणून ठेवले. मुरंब्याच्या बरण्या मी पलंगाखाली सरकवल्या आहेत आणि फडताळात मोंटानाचा इतिहास आहे. बाबांची चार पानं, आईचं पत्र आणि डोनीबाईंचं बोलणं मी टंकून त्याच्या तीन प्रती केल्या. एक राजधानीला, हेलेनाला, राज्याच्या ग्रंथालयात पाठवली. पोच आली आहे. आता ते कुणाच्या शेगडीत जाणार नाही. हा टोमणा आहे, गोड मानून घे.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र.

डोनीबाई मेच्या मध्यापर्यंत अंथरुणावर होत्या. आईचा निरोप मी दिला तेव्हा त्यांनी काहीच उत्तर दिलं नव्हतं. गेल्या गुरुवारी त्यांची सून सांगायला आली, की आणा म्हणतायत. दुपारी मी आईला घेऊन गेले. दार सुनेनं उघडलं. बाई टेबलाशी बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, काळा झगा. उठल्या नाहीत. आईला बसा म्हणाल्या नाहीत, म्हणून आई उभीच राहिली. काठीवर दोन्ही हात, आणि मी मागं, पडली तर धरायला.

आईनं सगळं सांगितलं. पत्रात होतं तसंच, त्याच क्रमानं. दोनदा विचारलं, दोनदा हो म्हटलं, हेही सांगितलं. पिठाचं पिंप सांगितलं. माफ कर असं ती म्हणाली नाही. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, ते मागणं म्हणजे तिच्याकडूनच आणखी काहीतरी घेणं झालं असतं.

डोनीबाई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. मग त्यांनी एकच विचारलं, त्यानं जाताना काही खाल्लं होतं का. आई म्हणाली, मी त्याला पाव दिला होता, त्यानं तो कोटात घातला. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, हो, तो असंच करायचा.

मग त्यांनी पायानं खुर्ची आईकडे सरकवली. आई बसली. सुनेनं कॉफी ठेवली, ती कुणी प्यायलं नाही. डोनीबाई बोलायला लागल्या. फ्रेंचमध्ये, मग क्री भाषेत, मग पुन्हा फ्रेंचमध्ये. आवाज चढत गेला. आईला एक अक्षर कळत नव्हतं, पण तिनं मान खाली घातली नाही. सून भिंतीकडे तोंड करून रडत होती, त्यावरून मी काय ते समजले. तासभर तरी झाला असेल. शेवटी त्यांचा खोकला सुरू झाला आणि मी आईला उठवायला पुढं झाले, तेव्हा डोनीबाईंनी हातानं मला थांबवलं.

त्या म्हणाल्या, सत्तर वर्षं मी सगळ्या गावावर रागावले. दुकानदारावर, पाद्र्यावर, रस्त्यानं जाणाऱ्या पोरांवरसुद्धा. फार दमायला होतं. आता निदान एक माणूस समोर आहे. पुढच्या गुरुवारी पुन्हा या, माझं बोलून झालेलं नाही.

आई म्हणाली, येईन.

तेव्हा तिचे जाड मोजे, उबेची बंडी आणि चष्म्याची दुसरी जोडी पाठव. ती एवढ्यात परत येणार नाही. मुलांना आशीर्वाद, तुला आमच्या दोघींची माया.

हेस्टर